मैदानाची किल्ली

कोल्हापूर सोडून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाने कागलनंतर दूधगंगा ओलांडली आणि कोगनोळीचा नाका मागे पडला, की रस्त्याकडेच्या पाट्यांवरील लिपी बदलते; चहाच्या टपरीवरील बोली मात्र बदलत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही या वाटेने बेळगावास गेलो. निमित्त एका स्नेह्याच्या घरच्या लग्नाचे होते. परंतु लग्नाहून अधिक काळ आमच्या मनात घर करून राहिले ते एका क्रीडांगणाच्या फाटकाला लावलेले कुलूप. त्याचीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे वाटते.

वाटेत निपाणीस थांबलो. तंबाखूच्या व्यापारावर वाढलेले हे गाव. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी येथे महामार्गावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ त्यांनी तेथेच वस्ती केली व तिला ‘आंदोलननगर’ असे नाव दिले. त्या सत्याग्रहाचा शेवट ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबाराने झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. जेथे माणसे एकत्र येतात ती जागा काही काळ तरी त्यांची होते, हा विचार तेथून निघताना आमच्या मनात आला. तवंदीचा घाट चढून, संकेश्वर व हत्तरगी मागे टाकून, सायंकाळी आम्ही बेळगावात पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे फिरावयास निघालो. हवेत गारठा होता. रस्त्याच्या कडेने दहाबारा तरुण आणि त्यांच्यामागे दोन मुली धावत होत्या. मालमोटारी त्यांच्या अंगावरून जाव्यात इतक्या जवळून जात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या शहरात असल्याने सैन्यभरतीचे स्वप्न येथील घराघरांत पाहिले जाते. ही मुलेही भरतीचीच तयारी करीत होती. पुढे थोड्याच अंतरावर सरकारी खर्चाने बांधलेले एक प्रशस्त क्रीडांगण लागले. पायऱ्या आहेत, धावपट्टी आहे, दिव्यांचे खांब आहेत. आणि फाटकाला कुलूप आहे.

फाटकापाशी डोक्याला मफलर गुंडाळलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. तारुण्यात कुस्ती खेळलेले. आता नातवाला घेऊन आले होते. आम्ही विचारले, “काका, फाटक केव्हा उघडते?”

ते म्हणाले, “साहेब आले की उघडतंय. समारंभ असला की सगळंच उघडतंय. पोरं बगा, रस्त्यावर पळूलालीत.”

“मग याचे पुढे काय करणार म्हणतात?”

“कोण म्हणतंय क्रिकेटला द्या, कोण म्हणतंय प्रदर्शनाला भाड्यानं द्या, कोण म्हणतंय पाडून दुकानं काढा. आमाला कोण इचारतंय? भिंत नव्हती तवा आमी हितंच खेळत होतो की हो!”

या शेवटच्या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. भिंत बांधण्यापूर्वी जी जागा साऱ्यांची होती, ती साऱ्यांच्याच पैशाने भिंत बांधल्यावर कोणाची होते?

त्या दिवशी आम्ही मुद्दाम शहरातील मोकळ्या जागा पाहत हिंडलो. टिळकवाडीत काँग्रेसची विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी व्यवस्था पाहिली. मोकळ्या माळावर मंडप व झोपड्या यांचे ‘विजयनगर’ उभे राहिले आणि आलेल्या हजारोंच्या पाण्यासाठी विहीर खणली. तिला ‘पंपा सरोवर’ म्हटले गेले. अधिवेशन संपले, मंडप उतरले. विहीर मात्र शंभर वर्षे लोटली तरी उभी आहे. सोहळा दोन दिवसांचा आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्यांचे! सार्वजनिक पैसा कसा खर्चावा याचा याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाही.

तेथून फार दूर नाही तो व्हॅक्सिन डेपो. विसाव्या शतकाच्या आरंभी देवीची लस तयार करण्यासाठी ही संस्था निघाली. देवीचा रोग जगातून गेला; पण संस्थेभोवतीचे विस्तीर्ण आवार व दाट झाडी शहराच्या वाट्याला राहिली. सकाळी येथे लोक फिरावयास येतात. सीमाभागातील मराठी जनांचे महामेळावेही येथे भरले आहेत. २०१६ साली बेळगावची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. त्या योजनेतून या आवारात बांधकामे होऊ लागताच नागरिकांनी झाडांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी हरकत घेतली. मूळ हेतू संपलेल्या जागेचे पुढे काय करावे, हा प्रश्न या शहराला नवा नाही.

कॅम्पात सेंट पॉल्स शाळेच्या मैदानाकडे गेलो. १८५६ साली स्थापन झालेल्या या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी फादर एडी यांच्या स्मरणार्थ फुटबॉलची स्पर्धा चालविली आहे. मैदान जिवंत राहते ते दगडविटांनी नव्हे, त्याची आठवण ठेवणाऱ्या माणसांनी, हे येथे पटते.

परतीच्या वाटेवर कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान पुन्हा एकवार पाहिले. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेलेल्या शाहू महाराजांनी रोममधील कलोसियम पाहिले, आणि तशी वर्तुळाकार जागा आपल्या मल्लांसाठी असावी असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली मैदान सिद्ध झाले. मध्ये हौद खोल आणि भोवती प्रेक्षकांची चढती जागा, त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही पट दिसतो. महाराजांनी रोमची केवळ नक्कल केली नाही. गावाला कोणता खेळ प्रिय आहे हे आधी पाहिले आणि मग दगड लावला. शतक उलटूनही ते मैदान कुस्तीचेच राहिले, याचे इंगित आम्हांस यातच दिसते.

खुद्द कलोसियमची कथा मात्र निराळी. इसवी सन ८० मध्ये ते खुले झाले. खेळ बंद पडल्यावर शतकानुशतके लोकांनी त्याचे दगड वाडे बांधण्यासाठी नेले. १७४९ साली चौदाव्या बेनेडिक्ट पोपमहाशयांनी ती जागा ख्रिस्ताच्या दुःखसहनास अर्पण केली, तेव्हा ही लूट थांबली. ज्या वास्तूचा कोणी वाली नाही, ती अखेर दगडांची खाण होते.

आपल्या शेजारची उदाहरणे पाहावी. पुण्याचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी तेथे केनियाने वेस्ट इंडीजला विश्वचषकात हरविले आणि सारे जग चकित झाले. पुढे महापालिका आणि क्रिकेट संघटना यांचे जमेना. संघटनेने गहुंजे येथे स्वतःचे मैदान बांधले, ते २०१२ साली खुले झाले आणि मोठे सामने तिकडे गेले. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर १९८९ पासून क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने होत. २०१४ च्या लुसोफोनिया खेळांसाठी त्याचे नूतनीकरण झाले, २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक तेथे रंगला आणि ते फुटबॉलचे ठरले. गोमंतकाची फुटबॉलवरील माया पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे; परंतु एकाला जागा देताना दुसऱ्याची जागा जाते, हे विसरून चालणार नाही. सागरापलीकडे माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या क्रीडांगणाचे कर्ज फिटावयास तीस वर्षे लागली.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फाटक उघडे टाकले तर रात्री तेथे बाटल्या फुटतात, हिरवळ मरते. कृत्रिम धावपट्टी साधारण दहा वर्षांत झिजते व ती नव्याने घालणे हा मोठा खर्च असतो. दिव्यांचे बिल कोणीतरी भरावेच लागते. म्हणून प्रदर्शनास जागा भाड्याने देण्याचा मोह होतो, आणि चार दिवसांच्या मांडवाचे खड्डे चार महिने खेळाडूंच्या पायांना लागतात. कुलूप हे नेहमी दुष्टपणाचेच असते असे नाही. पुष्कळदा ते निरुपायाचे असते. पण निरुपाय हा काही निर्णय नव्हे.

२०२२ साली दिल्लीत एका सरकारी स्टेडियममधून खेळाडूंना सायंकाळी लवकर बाहेर काढले जाते, अशी बातमी वृत्तपत्रात आली. तेथील सरकारने आपली क्रीडासंकुले रात्री दहापर्यंत खुली ठेवण्याचा आदेश दिला. त्यासाठी नवी वीट लागली नाही. घड्याळाचे काटे तेवढे बदलले.

आमची सूचना साधी आहे. कोणत्याही सार्वजनिक क्रीडांगणाचे भवितव्य ठरविताना तीन गोष्टी आधी व्हाव्यात. पहिली, पहाटेचे दोन तास व सायंकाळचे दोन तास ते सर्वांना विनामूल्य खुले असावे. भाडेकरू कोणीही असो, हा करार मोडू नये. दुसरी, उत्पन्न आणि खर्च यांचा हिशेब वर्षातून एकदा फाटकावरच लावावा. तिसरी, निर्णयाच्या बैठकीत अधिकाऱ्यांच्या शेजारी एक वस्ताद, एक शाळामास्तर आणि पहाटे धावणारी एखादी मुलगी यांना खुर्ची मिळावी. त्यांची मराठी असो वा कन्नड, धावताना लागणारी धाप एकच असते.

निघण्याच्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा त्या फाटकापाशी गेलो. कुलूप तसेच होते. मात्र त्या दोन मुलींनी भिंतीलगतच्या कच्च्या वाटेवर खडूने रेघ मारून आपली धावपट्टी आखली होती, आणि कालचे काका हातात घड्याळ धरून वेळ मोजत होते. “आज चार सेकंद कमी,” त्यांनी आम्हांस अभिमानाने सांगितले. भिंतीच्या आत खरी धावपट्टी दवाने भिजून रिकामी पडली होती.

वाचकहो, आपल्याही गावात असे एखादे फाटक असेल. उद्या सकाळी तेथवर जाऊन यावे, आणि ते बंद असेल तर किल्ली कोणाकडे आहे एवढे तरी विचारावे.