कड कापायची नाही

आमच्या लहानपणी रविवार उजाडायचा तो भिंतीपलीकडच्या पेटीच्या सुरानं. अहमदनगरच्या जुन्या वस्तीत आमचं घर आणि मास्तरांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. ती मातीची होती, त्यामुळे तिकडचा खोकला इकडे आणि इकडची भांडणं तिकडे ऐकू जात. मास्तर मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे. रविवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते पेटीवर बसत आणि चर्चला जाण्याआधी घरच्यांकडून एक भजन म्हणवून घेत. आम्ही चौघं भावंडं अंथरुणातच पडून ऐकायचो. किती तरी भजनं आम्हाला अर्थ न कळताच पाठ झाली होती. ती नारायण वामन टिळकांची आहेत, हे फार पुढे कॉलेजात गेल्यावर समजलं.

नगरला हे काही नवल नव्हतं. निजामशाहीनं वसवलेल्या या शहरात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, आणि 1842 साली 'ज्ञानोदय' इथूनच निघू लागलं. टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई याच शहरात राहिल्या. 2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडात मात्र 'नगर' होतं आणि नगरच राहिलं आहे.

अब्बांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, एक शिकंजा, एक कटिंगचं मशीन आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. कीड लागू नये म्हणून अब्बा खळीत मोरचूद घालायचे. त्यामुळे त्यांची बोटं कायम निळसर दिसायची. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांची बाडं, दुकानदारांच्या खतावण्या असं काम असे. कुराणशरीफची जुनी प्रत आली की अब्बा आधी वजू करत, मग पाटावर स्वच्छ कापड अंथरून कामाला बसत. फर्मे एकेक करून दोऱ्यानं शिवायच्या पक्क्या बांधणीला धंद्यात जुजबंदी म्हणतात. कुराणाच्या भागालाही जुजच म्हणतात. अब्बा गमतीनं म्हणत, "आपला धंदाच पाक आहे, नावातच जुज आहे."

मास्तर आणि अब्बा यांची दोस्ती कशी झाली, ते आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला कळायला लागलं तेव्हापासून ती होतीच. संध्याकाळी शाळेतून येताना मास्तर दुकानाच्या पायरीवर टेकत आणि म्हणत, "सलाम, भाई." अब्बा म्हणत, "सलाम, मास्तर." आम्हाला वाटायचं, मास्तर आमच्यासाठी म्हणून सलाम म्हणतात. एकदा त्यांच्याकडे राहुरीचे पाहुणे आले, तेव्हा ते आपसांतही सलामच म्हणत होते. आमच्या धाकट्या बहिणीनं विचारलं, "काका, तुम्ही पण सलाम म्हणता?" मास्तर हसले. म्हणाले, "आमच्या मराठी बायबलात पत्रांच्या शेवटी सगळ्यांना सलामच सांगितलेला आहे, बाळ. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या हाच चालतो."

मास्तरांच्या घरातला धर्म आम्ही पाहिला तो असा, रोजच्या व्यवहारातला. काकी भाकरी करायला बसल्या की आधी बाजरीच्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या गाडग्यात मूठभर बाजरी टाकत. महिनाअखेर ते गाडगं चर्चला जाई. जेवायच्या आधी सगळे डोळे मिटत. आम्ही तिथं असलो तर आम्हीही गप्प बसत असू. पण डोळे मिटा, असं आम्हाला कोणी कधी म्हटलं नाही. उत्तम शुक्रवारी त्यांच्याकडे रेडिओ लागत नसे. अम्मी त्या दिवशी आम्हाला दटावून ठेवी, "आज त्यांच्याकडे गम आहे, दंगा करू नका." आणि तिसऱ्या दिवशी, अंधार असतानाच, ईस्टरच्या उपासनेला निघालेल्या मास्तरांच्या चपलांचा आवाज आणि फजरची अजान बऱ्याचदा एकाच वेळी कानावर पडे.

नाताळात करंज्या, शंकरपाळी आणि चिवडा यांचं ताट आमच्याकडे येई. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं तिकडे जाई. हे सगळीकडेच सांगतात, म्हणून आम्ही लांबवत नाही. खाण्यापिण्याची देवाणघेवाण सोपी असते. अवघड असतं ते पुढचं.

एकदा आमच्या थोरल्या भावानं अब्बांना विचारलं, "मास्तर प्रार्थनेत अल्लाहला बाप म्हणतात. आपण तर असं म्हणत नाही. मग कोण चुकतंय?" तो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता आणि मदरशात जात होता. सूरह इख्लास आम्हाला सगळ्यांनाच तोंडपाठ होती. अल्लाह कोणाचा बाप नाही आणि कोणाचा पुत्र नाही, हे आम्ही त्यातूनच शिकलो होतो.

अब्बांनी हातातली सुई खाली ठेवली. म्हणाले, "आपण त्याची नव्याण्णव नावं घेतो, त्यात बाप हे नाव नाही. ईसा अलैहिस्सलाम आपले पैगंबर आहेत. मास्तर त्यांना देवाचा पुत्र मानतात. हा फरक लहान नाही. तो आहे आणि राहणार. आता सांग, मास्तर त्या बापाकडे काय मागतात, ते ऐकलंस का?"

भाऊ म्हणाला, "रोजची भाकर. आणि माफी."

"आणि आपण?"

भाऊ काही बोलला नाही. अब्बा म्हणाले, "चल, ऊठ. मगरिबची वेळ झाली."

त्यांनी फरक पुसला नाही आणि वाढवलाही नाही. त्या वयात आम्हाला हे उत्तर अपुरं वाटलं होतं.

1987 साली मास्तरांनी त्यांच्या वडिलांचं बायबल दुकानात आणलं. वडील 1976 साली वारले होते. गावकुसाबाहेरच्या घरात जन्मलेला तो माणूस. मिशनच्या शाळेत अक्षर शिकला, आणि शिकलेलं अक्षर त्यानं आयुष्यभर त्या एका पुस्तकाच्या समासात लिहिलं. मुलांचे जन्म, बाप्तिस्मे, बैल विकल्याची तारीख, पाऊस कधी पडला, कोण वारलं. स्तोत्रांच्या एका पानाच्या कडेला 1972 सालच्या दुष्काळातली नोंद होती : "खडीच्या कामावर नाव लागलं. उपकार." कोणाचे उपकार, ते लिहायची त्यांना गरज वाटली नसावी.

मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मास्तरांच्या मुलाची इच्छा होती की आजोबांचं बायबल नव्यासारखं करून लग्नात ठेवावं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं आणि तिन्ही बाजूंनी सरळ कापलेल्या कडा. पानांच्या कडा चुरगळल्या होत्या, फाटल्या होत्या. मशीनवर एकदा कापल्या असत्या तर पुस्तक खरोखरच नवं दिसलं असतं.

अब्बांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "कड कापायची नाही."

मुलगा म्हणाला, "चाचा, अर्धा सेंटिमीटर तर जाईल."

"त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये तुझे आजोबा आहेत."

मुलगा रागावला. लग्न तोंडावर आलेलं होतं. आम्हालाही अब्बांचा रागच आला. त्या महिन्यात दुकानात दुसरं काम नव्हतं, फी थकलेली होती, आणि हे मात्र एका पुस्तकावर बसून राहिले होते. पातळ कागदाच्या पट्ट्या कापून, खळ पाण्यासारखी पातळ करून ते एकेक पान सांधत होते. कामाला बसण्याआधी वजू करत होते. एका ओळखीच्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि टोकलं, "हे काही आपलं किताब नाही. त्यात बदल झालेत, हे तुम्हाला माहीत नाही का? मग वजू कशाला?"

अब्बा म्हणाले, "माहीत आहे. पण ज्याचं पुस्तक आहे, तो हात धुऊनच उघडतो. मी मळक्या हातानं कसं शिवू?"

ते गृहस्थ पुढे काही दिवस दुकानासमोरून जाताना मान वळवून जात. अब्बांना त्याचं वाईट वाटत असे. ते आम्हाला दिसायचं. पण ते बोलले नाहीत.

बायबल लग्नाला पोचलं नाही. ते दीड महिन्यानं तयार झालं. मास्तरांनी ते हातात घेतलं, स्तोत्रांचं ते पान उघडलं, आणि वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवत बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मजुरीचे पैसे अब्बांनी घेतले. दोरा, पुठ्ठा आणि दिवस, असा हिशेब करूनच घेतले. फुकट केलं असतं तर मास्तरांना पुन्हा पायरीवर बसताना संकोच वाटला असता, असं ते अम्मीला म्हणाल्याचं आम्ही ऐकलं.

अब्बा 1998 साली गेले. जनाजा उठला तेव्हा मास्तर आमच्याबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत आले. नमाजाच्या वेळी ते बाजूला, कडुलिंबाखाली टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभे राहिले. मग पुढे आले आणि आमच्यासारखीच तीन मुठी माती दिली. "आमच्यातही माती देतात," एवढंच म्हणाले. रात्री ते घरी आले. दाराच्या पडद्याशी उभं राहून त्यांनी अम्मीला विचारलं, "वहिनी, मला तुमचं काही म्हणता येत नाही. आमच्या पद्धतीनं दोन शब्द बोलू का?"

घरात नातेवाईक बसले होते. कोणीतरी चुळबुळ केली. अम्मी पडद्यामागून म्हणाली, "बोला, मास्तर. त्यांना तुमच्या आवाजाची सवय होती."

मास्तर बोलले. त्यांनी देवाला बाप म्हटलं. आम्ही हात बांधून ऐकलं, आणि शेवटी आमची दुआ आम्ही मनात मागितली. त्या रात्री पहिल्यांदा आम्हाला कळलं की, 'बाप' हा शब्द ज्याला उच्चारता येतो त्याला किती आधार असतो. आणि तो शब्द आम्ही आता कोणालाही मारू शकत नव्हतो.

मास्तर 2009 साली वारले. चर्चमध्ये उपासना होती. आमचा थोरला भाऊ तोवर पक्का नमाजी झाला होता. आत जावं की बाहेर थांबावं, यावर आम्हा भावंडांत दारातच कुजबूज झाली. आमच्यापैकी कोणालाही दुसऱ्यावर जबरदस्ती करायची नव्हती. शेवटी भाऊच म्हणाला, "ते कडुलिंबाखाली उभे राहिले होते. आपण शेवटच्या बाकामागे उभं राहू." आम्ही तसेच उभे राहिलो. भजन सुरू झालं आणि ओळ न ओळ आम्हाला येत होती. आम्ही म्हटलं नाही. पण ओठ हलत होते, हे एकमेकांपासून लपवता आलं नाही.

उपासना संपल्यावर मास्तरांचा मुलगा, तोच रागावलेला, आमच्याकडे आला. हातात ते बायबल होतं. त्यानं मागचं पान उघडून दाखवलं. त्यांच्या घरातल्या जन्ममृत्यूंच्या रांगेत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात एक नोंद होती. हे पुस्तक कोणी आणि कधी शिवलं ते, अब्बांचं नाव घालून. आणि त्याखाली वेगळ्या शाईत, ते नाव असलेला माणूस कधी गेला, ती 1998 सालची तारीख. पुढे एकच शब्द : "सलाम."

अब्बांच्या हातचं आमच्याकडे फार काही उरलं नव्हतं. दुकान 1999 सालीच बंद केलं, मशीन विकलं, शिकंजा भंगारात गेला. त्यांनी शिवलेली शेकडो पुस्तकं कुठं कुठं असतील, त्यावर त्यांचं नाव नाही. बाइंडरचं नाव कोणी छापत नाही. ते लिहिलं गेलं एका परक्या धर्माच्या ग्रंथात, जिथं आम्ही ते कधी शोधलं नसतं.

गेल्या वर्षी त्या मुलाचा पुण्याहून फोन आला. आता तोही साठीच्या पुढे गेला आहे. बायबलाचा एक फर्मा सुटला होता. चांगला बाइंडर कुठं मिळेल, असं विचारत होता. आमच्यापैकी कोणीही तो धंदा केला नाही. तेव्हा आम्हाला तो गरिबीचा धंदा वाटला होता. शोधून शोधून जुजबंदी जाणणारा एक म्हातारा कारागीर मिळाला. पत्ता दिला. मग न राहवून आम्ही म्हणालो, "त्यांना आधीच सांगून ठेव..."

तो फोनवर हसला. म्हणाला, "कड कापायची नाही. ठाऊक आहे."