एक जूनची माणसं

पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तारखा मोजते. आमचा क्लायंट तिकडच्या आरोग्य विम्यातला आहे आणि माझ्याकडे मेडिकेअरच्या नोंदणीचं मॉड्यूल आहे. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांचा सरकारी विमा. त्यात नाव घालायला सात महिने मिळतात: पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन. ही मुदत हुकली तर पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा जो भाग असतो, त्याचा हप्ता वाढतो. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 10 टक्के. 26 महिने उशीर झाला तर 20 टक्के, तेही बहुतेकांना जन्मभर. नोकरी चालू असेल, कंपनीत 20 किंवा जास्त माणसं असतील आणि तिचा विमा असेल, तर थांबता येतं. तो आधार सुटला की 8 महिन्यांत नाव घालायचं. त्यामुळे तिकडची माणसं चौसष्टाव्या वर्षीच कागद घेऊन बसतात: आत्ता की नंतर?

त्यात एक गमतीशीर नियम आहे. 1 तारखेला जन्मलेल्याचा विमा एक महिना आधी सुरू होतो, कारण वय आदल्या दिवशीच पूर्ण झालं असं धरतात. त्याची टेस्ट केस लिहिताना मी सहज जन्मतारीख टाकली, 1 जून, आणि हसू आलं. आपल्याकडे आजी-आजोबांच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनच असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख. माझ्या आज्जीच्या आधारवर 1 जून 1955 आहे. ती जन्मली 1954 च्या दिवाळीत.

29 ऑक्टोबर 2024 ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, आपल्याकडे आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. वय 70 पूर्ण हवं, उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरून. आज्जीच्या हिशोबाने ती त्याच दिवाळीत सत्तरीची झाली. सरकारच्या हिशोबाने जून 2025 मध्ये. वय आधारवरचंच धरतात.

जून आला, गेला. कार्ड कुणी काढलं नाही. मुदत नाही, दंड नाही, मग घाई कशाला? बार्शीहून काका फोनवर म्हणाले, "लागंल तवा काढू की." आज्जीचं तर वेगळंच. "आगं, दवाखान्याचं कार्ड काढलं की आजारपण मागं लागतंय."

पुढे आमच्याच गल्लीतल्या एक काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा कार्डासाठी धावला, तर आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला, ओटीपी येईना. शेतात आयुष्य गेलेलं, बोटांचे ठसे झिजलेले, तेही जुळेनात. शेवटी तिसऱ्या दिवशी चेहरा स्कॅन करून कार्ड निघालं. तोवर त्याने मित्राकडून उसने घेऊन जे पैसे भरले, ते भरलेलेच राहिले.

अमेरिकेतला उशिराचा दंड कोडमध्ये एका ओळीत लिहिता येतो. आपल्याकडचा कुठेच लिहिलेला नाही, म्हणून तो नाही असं वाटतं. मुदत सरकारने ठरवली नाही, तर ती आजारपण ठरवतं. आणि ते आधी कळवून येत नाही.

त्या शनिवारी मी बार्शीला गेले. आज्जीच्या आधारला नंबर आजोबांचा होता. ते जाऊन चार वर्षं झाली, सिम कधीच बंद झालेलं. आयुष्मान ॲपवर तिचा चेहरा स्कॅन केला. "डोळे मिचकाव आज्जी," म्हटलं तर ती लाजली. सोमवारी आधार केंद्रात जाऊन नंबरही बदलला.

मग बाबांनी विचारलं, "आता आईची मेडिक्लेम बंद करू?" हप्ता जड आहे, त्यामुळे प्रश्न खरा होता. मी नको म्हटलं. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड चालतं. पण सगळी हॉस्पिटलं या योजनेत नाहीत आणि ॲडमिट न होता घेतलेली औषधं, तपासण्या यात बसत नाहीत. शिवाय एकदा सोडलेली पॉलिसी या वयात पुन्हा मिळणं अवघड. एक-दोन वर्षं दोन्ही ठेवू, आपल्या जवळची कोणती हॉस्पिटलं कार्ड घेतात ते बघू, मग ठरवू. थांबून विचार करायची जागा ही आहे. ज्यांच्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस आहे, त्यांनाही विचार करावा लागतो, कारण त्यांना दोन्हींपैकी एकच निवडता येतं. बाकीच्यांनी कार्ड काढताना थांबण्यासारखं काही नाही.

तुमच्या घरात सत्तरीचं कुणी असेल, तर आधी एवढंच बघा: त्यांच्या आधारला कोणता नंबर आहे आणि तो फोन आज कुणाच्या हातात आहे. सत्तरीला दोन-तीन महिने असतील, तर हे तेव्हाच उरकून ठेवा.

आज्जीने कार्डाची प्रिंट रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. कुणी विचारलं तर सांगते, "नातीनं काढलंय. लागू नये म्हणून."