तारीख विचारू नका, भिंत बघा

काल परत तो मेसेज फिरला. अमुक तारखेला लातूर-धाराशिव पट्ट्यात मोठा भूकंप. सकाळपासून तिघांचे फोन, "पत्रकार, खरं हाय का?"

कबूल करतो, अशीच एक बातमी वीसेक वर्षांपूर्वी मीही छापली होती. कुणा 'अभ्यासका'च्या हवाल्यानं. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन थंडीत पटांगणात झोपल्या. भूकंप आला नाही. मला कुणी जाबही विचारला नाही. पण ती रात्र डोक्यातून जात नाही. म्हणून पुढं हा हिशेब समजून घेतला.

जमिनीखालच्या भ्रंशाच्या दोन बाजू सरकू बघतात, पण अडकून बसतात. ताण साठत जातो. पतसंस्थेतल्या ठेवीसारखं समजा. वर्षाला किती जमा होतं आणि एका भूकंपात किती उचल होते, हे कळलं की भागाकार करायचा. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशावर वॉलेस क्रीक नावाचा ओढा सुमारे ३,७०० वर्षांत १३० मीटर बाजूला सरकलाय. म्हणजे वर्षाला साधारण ३.५ सेंटीमीटर. एका भूकंपात ३.५ मीटर सरक होत असेल, तर सरासरी शंभर वर्षांनी एक.

पण सरासरी म्हणजे तारीख नव्हे. त्याच भ्रंशावर पार्कफील्डला १८५७ ते १९६६ दरम्यान सहा भूकंप झाले, सरासरी २२ वर्षांनी एक. शास्त्रज्ञ म्हणाले, पुढचा १९९३ संपायच्या आत. यंत्रं लावून बसले. तो आला २००४ साली.

आणि त्याच १९९३ मध्ये, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३.५६ ला, हादरलं आपलं किल्लारी. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. वाट कुणीच बघत नव्हतं.

आपल्याकडं ताण इतका सावकाश साठतो की वर्षाची सरक यंत्रालाही धड पकडता येत नाही. भागाकारातला खालचा आकडाच हातात नाही, मग तारीख कुठून काढणार? पुढचा हजारो वर्षांनी येईल किंवा लवकर येईल. छातीठोक सांगणारा खोटं बोलतोय. तेव्हा मीही तेच केलं.

मी तेव्हा नववीत होतो. माणसं मेली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरच्या माळवदाखाली. ते मात्र सगळ्यांनी डोळ्यानं बघितलंय.

सध्या घरामागं दोन खोल्या काढतोय. मिस्त्री म्हणाला, "दारं-खिडक्यांवरून चारी भिंतींना सलग सळईची पट्टी कशाला? खर्च वाढतो." मी मान डोलावली होती. काल रात्री त्याला फोन केला, पट्टी टाक म्हणालो.

तुमचं बांधकाम चालू असेल तर आजच मिस्त्रीला विचारा. आणि तो मेसेज पुढं पाठवू नका.