कोणाचा हात?

सावनेर, २३ जानेवारी

चि. छकुली,


तुझी तीन प्रकरणं वाचली. नवरा मारतो ते पान चारदा लिहूनही मनासारखं उतरत नाही म्हणतेस. त्यावरून आठवलं, १९१९ साली आजच्याच तारखेला आपल्या गावात नाटककार राम गणेश गडकरी गेले, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी. महिन्याभरात बडोद्याला त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, बालगंधर्व त्यातली नायिका सिंधू झाले. ते नाटक, तुझी कादंबरी. तरी सिंधूचं बोलणं कान देऊन वाच.

तिचा नवरा सुधाकर दारूपायी वकिली घालवतो, घर धुळीला मिळवतो, सिंधू दळणं दळते. पण नवऱ्याविषयी बोलताना तिच्या तोंडी ‘इकडून’च. नाव घ्यायची सोय नाही, मग नवरा नुसती दिशा होतो. इकडून येणं झालं, इकडून रागावणं झालं. कर्ताच नाही बघ त्या वाक्यात! हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ कादंबरीतल्या यमूच्या तोंडी हीच बोली किती गोड लागते, कारण तिचा नवरा जीव लावणारा. सिंधूकडून ऐकताना अंगावर काटा येतो. दारूच्या भरात बाप तान्ह्या पोराचा जीव घेतो, तरी तिची भाषा त्यालाच पाठीशी घालते.

गडकऱ्यांनी तिला इतकं सोसायला लावलं, त्याचा मला रागही येतो. त्याच नाटकातल्या दारुड्या तळीरामाची बायको गीता फटकन बोलते, तेव्हा बरं वाटतं.

‘इकडून’ आता गेलं असं समजू नकोस. परवा शेजारची एक सून वाटीभर साखर मागायला आली. एका हातात बांगड्या, दुसऱ्या मनगटावर नुसते ओरखडे. विचारलं तर ओढणी पुढे ओढून म्हणाली, “काही नाही काकू, जरा हात लागला.” नवऱ्याला ती नावानं हाक मारते, अरे-तुरे करते. तरी कोणाचा हात, ते वाक्यात नव्हतंच.

तुझ्या पानावर ‘त्याने तिला मारलं’ आहे, किंकाळी आहे, रक्त आहे. ते तुझं वाक्य झालं, तुझ्या नायिकेचं नव्हे. तिला “भांडं पडलं”, “आवाज झाला” म्हणू दे. ज्या दिवशी ती त्याचं नाव घेऊन पुरं वाक्य बोलेल, ते पान मात्र घाई न करता लिही.

साखरेची वाटी अजून परत आलेली नाही. संध्याकाळी मीच जाऊन येते तिच्याकडे.

तुझी,
आत्या