फुले कॉलेजचं देणं

पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात मी बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. माझा आगरी हेल ऐकून कुणी हसेल, या धास्तीने मी वर्गात तोंडच उघडत नसे.

आमचं कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं. इतिहासाचे सर स्वतः तिच्याच ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सांगून सर म्हणत, “तुम्ही बसलाय त्या बाकाची किंमत कुणीतरी आधीच चुकवलीय.”

त्यांनी मला निबंध दिला खारभूमीवर. “पुस्तकं नंतर. आधी आज्याला विचार.” आजोबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं : खाडी अडवणारा बांध, पावसाचं पाणी सोडायची उघाडी, बांधाला खांड गेली की घरटी एक माणूस चिखलाची ढेकळं घेऊन रातोरात धावायचा. सरांनी त्यातला एकही शब्द न बदलता निबंध वर्गात वाचला. पुढच्या तासाला मी पहिल्यांदा प्रश्न विचारला.

जानेवारी १९८४. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या ९५ गावांचं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन पेटलं. १६ आणि १७ तारखेला जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्याच लढ्यातून आला.

त्या दिवसांत आमच्याच कॉलेजचे एक माजी विद्यार्थी, वकील झालेले, संध्याकाळी गावदेवीच्या देवळात बसत. सातबाऱ्याच्या नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते कळतं, बारामध्ये पीक कोणतं ते, गोलातला आकडा फेरफाराचा, असं एकेका ओळीवर बोट ठेवून लोकांना समजावत. माझ्या वडिलांनी स्वतःचा सातबारा त्यांच्यामुळेच पहिल्यांदा समजून घेतला. मी फीचं विचारलं. ते म्हणाले, “उद्या शेजारच्या गावात तू समजावून सांग.”

मी गेलो. शिकवणं हेच आपलं काम, हे तिथं उमगलं.

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. मुलांना पहिला निबंध आजी-आजोबांना विचारूनच लिहायला लावतो. माझ्या हातून त्यांचं काही भलं झालं असेल, तर त्यात माझं थोडकंच. बाकी सगळं त्या सरांचं आणि त्या वकीलदादांचं.