झिंगाटनंतर काय होतं?

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या मेन चौकात वरात अडकली होती. पुढे डीजेची गाडी, मागे एसटी, तिच्या मागे दुधाचा टेम्पो. मी गाडी बंद करून पानटपरीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात 'झिंगाट' लागलं आणि नवरदेवाचे वडील, गुडघ्याच्या दुखण्यानं एरवी जिना न चढणारा माणूस, फेटा सावरत थेट मध्ये घुसले. पोरांनी उचलून खांद्यावर घेतलं. मी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. तो कुणासाठी काढला, ते शेवटी सांगतो.

'सैराट' आला 29 एप्रिल 2016 ला. म्हणजे या गाण्यावर नाचायला आज येणाऱ्यांपैकी काही पोरं तेव्हा अंगणवाडीत होती. तरी गाणं लागलं की पाय थांबत नाहीत. आमच्या थिएटरात तर लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले होते. मी बातमी करायला गेलो होतो, वही खिशात घालून मीही नाचलो. खोटं कशाला बोलू?

या गाण्यात असं काय आहे? खाली आपला हलगी-ढोलकीच्या वळणाचा ठेका आणि वर सिंथेसायझर, डिस्कोत वाजावं तसा. अजय-अतुल या दोघा भावांनी संगीत दिलं, शब्द लिहिले आणि गायलंही त्यांनीच. वडील महसूल खात्यात, म्हणून बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा बदल्यांच्या गावांत गेलं. आपल्यासारख्याच गावांत. त्याच सिनेमाचं 'याड लागलं' ऐका. सुरुवातीला व्हायोलिनचा जो ताफा येतो, तो अमेरिकेत, लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय. आणि त्या गोऱ्या वादकांच्या सुरावर शब्द कुठले, तर आपल्या बांधावरचे. शाळेत ज्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून छडी बसायची, ती बोली.

हे मिश्रण आपल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. हलगीशेजारी व्हायोलिन बसलं म्हणून कुणाची अब्रू गेली नाही. हलगी पिढ्यानपिढ्या ज्यांच्या हातात होती, त्यांना आपण गावाच्या कुठल्या बाजूला ठेवलं होतं, हेही नाचताना कुणाला आठवत नाही.

आता सिनेमा आठवा. झिंगाट कुठे वाजतं? पाटलाच्या घरी, आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला. सगळं गाव नाचतं, आर्ची नाचते, परश्या नाचतो. आणि त्याच रात्री दोघं सापडतात, परश्याला आणि त्याच्या मित्रांना मारहाण होते. तिथून सुरू झालेली गोष्ट कुठे संपते, ते तुम्हाला माहीत आहे. एवढा मोठा वाद्यमेळ वापरणाऱ्या सिनेमाच्या शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. ते लहान पोर चालत बाहेर येतं आणि काहीच वाजत नाही.

आपण झिंगाट घेतलं आणि ती शांतता थिएटरातच सोडून आलो.

मीही सोडून आलो होतो, म्हणून हे लिहितोय.

चार वर्षांपूर्वी इथल्याच एका घरातली मुलगी दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर गेली. मुलगी 21 वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. घरच्यांनी जे सांगितलं, ते मी लिहिलं. मथळा दिला, 'फूस लावून तरुणीला पळवले'. माझा पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. दोन्ही बाजू घ्याव्यात, हा पहिल्या महिन्यातला धडा. मी एकच बाजू घेतली, कारण ती बाजू माझ्या ओळखीची होती आणि दिवाळी अंकाला जाहिरातही देत होती.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. म्हणाली, "दादा, मला कुणी पळवलं नाही. मी एसटीनं गेले. तिकीट मी काढलं, त्याचंही मीच काढलं. तुम्ही मला एक फोन केला असता तरी चाललं असतं."

मी म्हणालो, खुलासा छापतो. छापला नाही. तो मथळा त्या मुलाच्या आईला गल्लीत वर्षभर ऐकावा लागला. शेवटी त्या कुटुंबानं खोली बदलली. हे माझ्या खात्यावर आहे.

त्यानंतर मी काही गोष्टी नीट वाचल्या, बातमीदार म्हणून आधीच वाचायला हव्या होत्या त्या. मुलगी 18 ची, मुलगा 21 चा पूर्ण असेल तर लग्नाला आईबापाची सही लागत नाही. दोघं हिंदू असतील, तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायद्यानं लग्न होतं. 30 दिवसांची नोटीस लागते ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. मार्च 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जमावानं किंवा पंचायतीनं पडणं बेकायदा आहे. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष उभारा, असंही राज्यांना बजावलं. ठरावीक अटींत बसणाऱ्या आंतरजातीय लग्नाला राज्य सरकार 50,000 रुपये देतं. ही योजना मी कितीदा छापली असेल! त्याच पानावर 'पळवले' पण छापलं.

आता 'पळवले' हा शब्द मी सज्ञान मुलीसाठी लिहीत नाही. आधी तिला फोन लावतो. एवढाच बदल. फार मोठा नाही, माहीत आहे.

तर तो व्हिडिओ. परवा सकाळी चार वर्षांनी त्याच नंबरवरून मेसेज आला होता. "दादा, आज माझ्या भावाचं लग्न आहे. वरात चौकातूनच जाईल. जमलं तर व्हिडिओ पाठवा." पत्रिकेत तिचं नाव नव्हतं. घरात तिचं नाव काढायची बंदी आहे.

मी पाठवला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"पप्पांना नाचताना पहिल्यांदाच बघितलं. बाळाला दाखवलं. म्हटलं, हे आजोबा."

हे वाचणाऱ्यांत त्या घरातलंही कुणीतरी असेल. नाव घेत नाही, घेणारही नाही. व्हिडिओ माझ्याकडे आहे, नंबरही आहे. पाहिजे तेव्हा मागा, रात्री-अपरात्री मागितला तरी चालेल.