गारगोटी ते अकीक, व्हाया खंभात

आमच्या ऑफिसमध्ये प्रत्येकाचा एकेक हटके छंद आहे. कुणी सालसा शिकतं, कुणी दर रविवारी गड सर करतं, एक जण तर चक्क बोन्साय वाढवतो. माझा छंद ऐकला की मात्र समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मी दगड घासते. म्हणजे मी नाही, मशीन घासतं. रॉक टम्बलिंग. फंडा एकदम सोपा आहे: रबराचं अस्तर लावलेला एक छोटा डबा, त्यात दगड, पाणी आणि खरखरीत पूड. डबा मोटरवर रात्रंदिवस गरगरत राहतो. नदीला ज्याला युगं लागतात, ते महिन्या-सव्वा महिन्यात बाल्कनीत!

पण कुठलाही दगड चालत नाही हं. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट रांगडा गडी, त्याला पॉलिश फारसं मानवत नाही. त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत सिलिका साचून बनलेले अकीक आणि जॅस्पर मात्र आरशासारखे चमकतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ते साडेसहा ते सातच्या घरात येतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइट बघून मोहात पडाल, पण ते मऊ. डब्यात टाकलेत तर चिखल हातात येईल. ते काचेआडच छान.

तर, दगड असा गोल फिरवून चमकवायची अक्कल आपल्याकडे किती जुनी आहे, ते बघायला मी गेले खंभातला. मुंबईहून गाडीनं आणंद, तिथून फाट्यावरची छोटी गाडी किंवा एसटी. एके काळचं हे दणदणीत बंदर. खाडी गाळानं भरली आणि जहाजं गेली. जामा मशीद उरली, १३२५ सालची. हलवासन उरलं (एक किलो घ्या, अर्धा किलो गाडीतच संपतो). आणि उरला अकीक.

दगड येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपोरच्या खाणींतून. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. मूळचे आफ्रिकेतले सिद्दी त्यांना मानतात आणि अकीकवाले कारागीरही त्यांचं नाव घेतात. दगड आधी उन्हात वाळवायचा, मग मातीच्या मडक्यात भाजायचा. भाजला की आतल्या लोखंडाचा रंग खुलतो आणि मळकट पिवळा खडा लालभडक होतो. लोथलच्या हडप्पाकालीन कारागिरांनी हेच केलं होतं. सिंधू संस्कृतीतले असे लाल मणी थेट मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या थडग्यांत सापडलेत.

घडवण्याची पद्धत बघताना मी तासभर जागची हलले नाही. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकाला टेकवलेला दगड आणि हातात म्हशीच्या शिंगाचा हातोडा. टक्, टक्. कपचा उडतो तो पहारेच्या बाजूनं! चाचांचं लक्ष माझ्याकडे, हात मात्र दगडावर. एकही घाव चुकला नाही.

आणि पॉलिश? पूर्वी चामड्याच्या पिशवीत मणी, पाणी आणि घासायची पूड भरायची, तोंड बांधायचं आणि दोघांनी समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोटायची. म्हणजे माझ्या मशीनचे पणजोबाच की! आता तिथेही विजेवर फिरणारे मोठे ड्रम आले आहेत. आवाज अगदी माझ्या बाल्कनीतलाच, फक्त दसपट.

ड्रमच्या खोलीत हवा स्वच्छ होती, कारण आत सगळं ओलं असतं. शेजारच्या खोलीत तसं नव्हतं. तिथे दगडाला आकार द्यायला तो फिरत्या सहाणेवर कोरडाच धरतात. पांढरा धुरळा उडतो आणि घरभर बसतो, कारण कारखाना बहुतेकदा घरातच असतो. हा धुरळा म्हणजे शुद्ध सिलिका. फुप्फुसात गेला की परत निघत नाही. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. वर क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं इथल्या कामगारांचा अभ्यास केलाय, धूळ ओढून घेणारी यंत्रंही आहेत, पण मी गेले त्या खोलीत एकही नव्हतं. सहाणेवर बसलेला मुलगा माझ्याच वयाचा असेल. तोंडाला रुमाल बांधला होता. रुमालानं ही धूळ अडत नाही.

बाजारात मग मी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारत सुटले, माळ घासली कुठे, ओली की कोरडी? बहुतेकांनी भाव सांगितला.

तुम्हाला सुरुवात करायचीच असेल तर लहान, एका डब्याचं मशीन पुरे. दगड एकाच कठीणपणाचे घ्या, लहान-मोठे मिसळून. डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरा आणि पाणी वरच्या थराच्या जरा खालीपर्यंत. आधी सिलिकॉन कार्बाइडची ६०/९० ची जाडी पूड, मग १२०/२२०, मग ५००, शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येकाला साधारण एक आठवडा. अधेमधे दगड आणि डबा दोन्ही लख्ख धुवायचे, कारण जाड पुडीचा एक कणही शेवटच्या पॉलिशची वाट लावतो. घाई असलेल्यांनी सालसा शिकावा.

दगड फोडायचा असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून, चष्मा लावून फोडा. कोरडा कापू नका. डब्यातला गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. मी तो बादलीत निवू देते, वरचं पाणी काढते आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत गच्च बांधून टाकते. वाळला की त्याची परत तीच धूळ होते.